कोर्नेली दुरैची चाल

तंजावूर सोडले त्या सकाळी मला पोचवायला स्टेशनावर तिघे आले होते: अप्पा, धाकटा भाऊ तुकोजी आणि कोर्नेली दुरै. आई घरीच राहिली. तिने चिंचेचा भात केळीच्या पानात बांधून दिला होता आणि तो दुपारनंतर खाऊ नको असे तीनदा सांगितले होते. गाडी हलायच्या आधी अप्पांनी कापडात गुंडाळलेली बांबूची बासरी माझ्या हातात दिली. "वाजिव," ते म्हणाले, "पण कोण शिकविलें, तें अगोदर सांग." दुरैने जुन्या सवयीने खिशातले घड्याळ काढले आणि गाडी चार मिनिटे उशिरा सुटत असल्याचे तमिळमध्ये जाहीर केले.

जे तिथे राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी हयात वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. घडले ते घडले त्या क्रमाने लिहायचे, एवढेच मला येते.

आमच्याकडे गोऱ्या साहेबाला दुरै म्हणतात. कोर्नेली मात्र साहेब नव्हता. तो आगगाडीवर गार्ड होता. कोणी इंग्रज म्हटले की चिडायचा. "माझा मुलूखही त्यांनीच घेतला, तुमच्या आधी," असे म्हणायचा. तो आयर्लंडचा. अप्पा ओरत्तनाडूच्या छत्रात, म्हणजे वाटसरूंच्या अन्नछत्रात, कारकून होते आणि शनिवारी भजनात बासरी वाजवीत. एकदा पापनाशमला गाडी खोळंबली. अप्पा फलाटावर बाकावर बसून वाजवीत होते. गार्डाच्या डब्यातून एक गोरा उतरला, त्यांच्यापुढे उभा राहून ऐकत राहिला आणि मग आपल्या पेटीतून काळ्या लाकडाची बासरी घेऊन आला. पुढे तो नोकरीतून सुटला आणि तंजावुरातच राहिला. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी तो आमच्या ओसरीवर असे.

त्याने अप्पांना एकच चाल शिकवली. तिचे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचे. अप्पांना ती साधायला एक पावसाळा लागला. त्यांची बोटे स्वर हलवीत, आमच्याकडे हलवतात तसा. दुरै ओरडायचा, "हलवू नका हो पिळ्ळै, टिचकी मारा!" बोटाने भोकावर नुसती टिचकी, आणि स्वर तुटून पुन्हा जोडला जायचा. पिळ्ळै हे तमिळ उपनाव. अप्पा पिळ्ळै नव्हते, पण दुरैला मान द्यायचा म्हणजे हाच शब्द ठाऊक होता. अप्पा आधी थोडी आलापी करू लागले की तो म्हणायचा, "नाचणारे दारात उभे आहेत आणि तुम्ही अजून पाय धुताय."

पण वाजवण्याआधी तो स्वतःही थांबायचा. दर वेळी सांगायचा: ही मार्टिनची, माझ्या मामाची. तो आंधळा होता. त्याच्याकडून मला. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा अप्पांनी कानाला हात लावला. आमच्याकडे गुरूचे नाव घेताना लावतात तसा. हे काय, असे दुरैने विचारले. अप्पांनी सांगितले. त्यानंतर तोही मामाचे नाव घेताना आपल्या लाल कानाला हात लावू लागला. मी शिकलो तेव्हा यादी अशी झाली: मार्टिन, कोर्नेली, अप्पा, मी.

पुण्यात मला एका साप्ताहिकात मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले. माझ्या मराठीवर कचेरी हसत असे. "तंजावूरकर, तुमची भाषा बखरीतून उठून आलीय की काय?" असे जोगळेकर विचारीत; ते माझ्या शेजारी बसत. सहा महिन्यांत मी 'कशास'चे 'कशाला' केले. गावच्या पत्रातले शब्द मला वाचताना लाजवू लागले. जोगळेकर वाईट नव्हते; त्यांनी थट्टा केली, इतकेच. लाजलो मी.

एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात संपादकांनी मला काही वाजवायला सांगितले. जोगळेकर पुढच्या रांगेतून म्हणाले, "चिंचेच्या साराशिवाय काही आहे का हो तुमच्याकडे?" सगळे हसले. मी उठलो आणि सरळ चाल धरली. कानाला हात लावला नाही, नावे घेतली नाहीत. हसू थांबले. संपल्यावर टाळ्या पडल्या आणि कोणीतरी विचारले, "कुठली ही?" मी म्हणालो, "आमच्याकडची. राजवाड्यातली, जुनी."

मला असे म्हणायला कोणी भाग पाडले नव्हते. संपादकांचे डोळे भरून आले. राज्य खालसा झाले तरी सूर राहिले, असे काहीसे ते बोलले आणि मला टिपण लिहायला सांगितले. मी लिहिले. मराठे दक्षिणेत उतरले तेव्हा ही चाल त्यांच्याबरोबर गेली असावी, असे त्यात होते. 'असावी' हा शब्द मी विचारपूर्वक घातला होता. दोन महिन्यांत एका शाळामास्तरांनी चालीवर पद रचले आणि ते मुलांच्या तोंडी बसले. जोगळेकर मला पंत म्हणू लागले.

अंक मी दर आठवड्याला घरी पाठवीत असे. तो अंकही गेला. अप्पांना मोडी यायची, छापील बाळबोध वाचताना ते अडखळत. पण हा मजकूर त्यांनी पुरता वाचला. त्यांचे कार्ड आले. मोडीत एकच ओळ होती: "मार्टिन व कोर्नेली दुरै यांचीं नांवें राहिलीं, तीं छापणें."

कोणाचे आडनाव चुकले तर पुढच्या अंकात, त्याच पानावर दुरुस्ती, हा आमच्या कचेरीचा नियम होता आणि तो पाळणारा मीच होतो. एका मयताच्या बातमीतल्या वेलांटीसाठी मी छपाई थांबवली आहे. या दुरुस्तीचा खिळा मात्र जुळवला नाही. गोऱ्या गार्डाने दिलेली चाल, असे छापले असते तर पंताचा पुन्हा तंजावूरकर झालो असतो. कार्डाला मी उत्तर दिले. त्यात प्रकृतीची चौकशी केली. पुढे साप्ताहिक बंद पडले. ज्या पानावर चूक छापली ते पानच आता नाही.

मी घरी गेलो तेव्हा दुरैला वारून वर्ष झाले होते. अप्पांनी बासरी हातात घेणे सोडले होते. मला वाटले, दम पुरत नसेल; तसे बोललोही. तुकोजीने मला विहिरीपाशी गाठले.

"अण्णा, दम आहे त्यांस. तूं विचार, कशास सोडलें."

"तूच सांग."

"दुरै दर शनिवारीं विचारायचा. पुण्यांत पोरगा वाजवतो काय? अप्पा म्हणायचे, वाजवतो. मार्टिनचें नांव घेतो काय? घेतो. दर वेळीं? दर वेळीं." तुकोजीने पोहरा खाली ठेवला. "तो खूश व्हायचा. छत्रांतल्या आचाऱ्यांस सांगत फिरायचा. अप्पांस जन्मांत खोटें बोललेलें मी ऐकलें नव्हतें, अण्णा. तुजसाठीं बोलले. त्यावर कानास हात लावून कसें वाजवतील?"

त्या दुपारी ओसरीवर अप्पांनी आपली बासरी माझ्यापुढे ठेवली. मी कानाला हात लावला. "मार्टिन. त्याच्याकडून कोर्नेली. त्याच्याकडून अप्पा."

अप्पांनी विचारले, "त्यापुढें?"

"यादी एवढीच. त्यात मी नाही."

त्यांनी बासरी आणखी जवळ सरकवली. "वाजिव," म्हणाले.

पुण्यात माझ्या खोलीसमोर शाळा आहे. रोज सकाळी मुले त्या चालीवर ते पद म्हणतात. मास्तर टाळी देतात आणि पहिला शब्द लागलीच सुरू होतो. घर कुठले, असे कोणी विचारले तर मी तंजावूर सांगतो. मनात त्या ओसरीचा अर्थ एवढाच उरला आहे: तिथे चाल सुरू करण्याआधी क्षणभर थांबतात. इथे मुले थांबत नाहीत. थांबायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. सांगायचे मला होते.