पुढची चाकं

आमच्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका आहे, डब्याच्या झाकणाएवढा. हाताने फिरवला की चाक इंजिनाला जोडलं जातं, उलटा फिरवला की मोकळं होतं. डांबरी रस्त्यावर ते मोकळंच ठेवायचं. डोंगरात शिरताना खाली उतरून दोन्हीकडचे खटके लावायचे आणि मग आत बसून चारही चाकांची लिव्हर ओढायची. एका बाजूचा जरी खटका राहिला, तरी पुढची चाकं जोर लावत नाहीत, गाडी नुसती मागच्या चाकांवर ढकलली जाते. हे सगळं मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. त्यांना मी अहो म्हणते आणि इथेही 'हे'च म्हणणार आहे. राग आला म्हणून जिभेची सवय मोडत नाही.

आमचं गाव बोरीच्या शेजारी. जीप जुनी, एके काळी जिंतूरच्या रस्त्यावर सवाऱ्या कोंबून पळालेली, नंतर शेतात आली. कापूस वेचायला बायका नेणं, बिघडलेली मोटर दुरुस्तीला नेणं, असल्या कामांतून ह्यांनी मला स्टेअरिंगवर बसवलं. काळ्या रानात हे शेजारी बसून सांगायचे, "रेस दाबू नको. चाक काय म्हणायलंय ते आधी ऐक." मी ऐकायला शिकले. बाई जीप चालवते म्हणून पारावरची माणसं वळून बघायची, तेव्हा ह्यांचीच मान ताठ व्हायची. तो अभिमान खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

परभणीच्या काही हौशी लोकांचा एक गट आहे. हिवाळ्यात जीपगाड्या घेऊन ते जिंतूरकडच्या डोंगरात जातात, मुद्दाम रस्ता नसलेल्या वाटेने. हे त्यांच्यात सामील झाले आणि मागोमाग मीही. गटाचा म्होरक्या बांधकामाचा ठेकेदार, बोलायला गोड पण नियमाला कडक. अवघड वाटेवर कुणालाही येऊ देत नसे. आधी सोप्या वाटा नीट पार केलेल्या हव्यात, आणि गाडीला दोर, ओढायचे हुक, चांगले टायर, घट्ट बांधलेली बॅटरी हवी. गाडी तयार पण माणूस कच्चा, तर नाही. माणूस तयार पण गाडी कच्ची, तरी नाही. मी सोप्या वाटा पार केल्या होत्या, जीपला नवे हुक बसवून घेतले होते. त्या हिवाळ्यात म्होरक्याने स्वतःहून सांगितलं, "या खेपेला अवघड वाट वहिनी चालवतील." मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस भाकऱ्या करपवल्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या वाटेवर शेवटी एक चढण आहे, सुट्या धोंड्यांची, डाव्या हाताला घळ. आदल्या वर्षी त्याच चढणीवर हे अडकले होते. कितीही केलं तरी गाडी वर जाईना, शेवटी वरच्या गाडीला तारेचा दोर बांधून ह्यांना ओढून काढलं. लोक हसले, हेही हसले. घरी येताना मात्र बोरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या दिवशी सकाळी चढणीच्या पायथ्याशी म्होरक्याने सगळ्यांच्या गाड्या तपासल्या. टायरची हवा कमी करायला लावली. खटके प्रत्येकाने त्याच्या देखत लावायचे, असा नियम. मी दोन्ही लावले, फिरवून खात्री केली. मग सगळे सीताफळीच्या झुडपांपाशी चहाला गेले. हे म्हणाले, "तू जा, चहा घे. मी हाय गाडीपाशी." मला वाटलं, किती जपतात.

माझी पाळी आली. पहिल्या गिअरात गाडी चढणीला घातली, लिव्हर ओढलेली होती. अर्ध्यावर मागची चाकं गरगर फिरायला लागली आणि गाडी जागीच थरथरली. हातातलं स्टेअरिंग मेल्यासारखं हलकं झालं होतं. म्होरक्या समोरून ओरडला, "पुढची चाकं जोर घेत नाहीत! लिव्हर पूर्ण पडली का वहिनी?" मी लिव्हर पुन्हा टाकून पाहिली, पुन्हा प्रयत्न केला. गाडी मागे सरकली ती घळीच्या बाजूला. ब्रेकवर उभी राहिले म्हणून थांबली.

म्होरक्या खाली येत होता, तेवढ्यात हे धावत आले. "उतर, मी बघतो." मी उतरले. हे डावीकडून, घळीच्या अंगाने फिरून गेले. "टायरची हवा बघतो जरा," म्हणत पुढच्या चाकाशी वाकले, मग आत बसले. गाडी त्याच धोंड्यांवरून शेळीसारखी वर गेली. वर शिट्ट्या वाजल्या. मी पायी पायी, पाण्याची बाटली काखेत धरून मागून चढले.

म्होरक्या मला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. अजून थोडा अनुभव हवा." परतीच्या वाटेवर ह्यांनी माझा हात थोपटला. "घाबरलीस तू. लिव्हर नीट पडली न्हाई. होतंय असं." मी मान हलवली. मला खरंच तसं वाटत होतं.

पुढे कितीतरी महिने तसंच वाटत राहिलं. जीपची किल्ली मीच खिळ्याला अडकवली आणि पुन्हा मागितली नाही. लग्नाकार्यात हे ती गोष्ट रंगवून सांगायचे, घळ प्रत्येक वेळी थोडी खोल व्हायची, आणि शेवटी, "मंग काय, हिचे हातपाय गार पडले, मला घ्यावी लागली गाडी." पाहुणे हसायचे. मीही वाढता वाढता हसायचे. चाकाचं ऐकायला शिकलेली मी, ऐन वेळी बहिरी झाले, असं स्वतःला सांगून मी तो विषय मिटवला होता.

मग एका दुपारी हे परभणीला गेले होते आणि रानातल्या मजुरांना भाकरी पोचवायची होती. नाइलाजाने किल्ली काढली. वाटेत कॅनॉलचं पाणी पांदीत आलेलं, काळा चिखल. सवय मोडलेली, घाईत खटके लावायचे राहिले, नुसतीच लिव्हर ओढली आणि गाडी चिखलात घातली. मागची चाकं गरगरली. गाडी जागीच थरथरली. आणि हातातलं स्टेअरिंग तसंच, मेल्यासारखं हलकं झालं.

ते हातांनी ओळखलं, मग मी ओळखलं. चढणीवर हेच झालं होतं, तंतोतंत. लिव्हर पडलेली, आणि खटका मोकळा. मी खाली उतरले, घोटाभर चिखलात उभी राहून दोन्ही खटके लावले. जीप मुकाट्याने बाहेर आली. पण त्या दिवशी तर मी खटके म्होरक्यासमोर लावले होते. नंतर गाडीपाशी एकच माणूस थांबला होता. आणि चढायच्या आधी चाकाशी वाकला होता तोही तोच. केसाने गळा कापणं म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं. इतका संताप आला की भाकरीचं गाठोडं मजुरांच्या हाती देऊन मी तशीच माघारी फिरले.

दिवस मावळताना हे आले. हौदावर हातपाय धूत होते. जीप समोरच चिखलासकट उभी केली होती.

मी म्हणाले, "त्या दिवशी घळीकडचा खटका तुमी काढला."

हे जीपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोण सांगितलं?"

न्हाई म्हणाले असते तर मी भांडले असते. तो प्रश्न ऐकून भांडायचं बळही गेलं. तरी मी त्यांना एक वाट ठेवली, माझ्यासाठीच ठेवली असेल. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या काळजीपोटी केलं, एवढं तरी कानावर पडावं असं फार वाटत होतं.

"मी घळीत पडीन, असं वाटलं का तुमाला?"

ह्यांनी तोंडावर पाणी मारलं, टॉवेलने पुसलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," म्हणाले. "चढशील असं वाटलं."