काच पुसायला अक्का

बीदरच्या भागात गाडीचा हीटर नीट करायचा म्हटलं की लोक आधी हसतात, मग डोकं तपासून घे म्हणतात. माझे साडूही तसेच हसले. पण थंडीत सकाळी निघालं की आमच्या जुन्या गाडीची पुढची काच आतून अशी वाफाळायची, की समोरून बैलगाडी यायलीय का बस, देव जाणे. गाडी वडलांची, जवळजवळ माझ्याच वयाची. विकायला मन होत न्हाई, चालवायला जीव जातो.

त्या काचेवर आमच्या घरात एकच इलाज होता, अक्का. माझी थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती संतपूरला आमच्याकडं परत आली. गाडीत ती माझ्या शेजारी बसायची, हातात जुन्या धोतराचा बोळा घेऊन, आणि दर दोन मिनिटांनी काच पुसायची.

आता खरं सांगतो. आम्ही लिंगायत, शरणांच्या वचनांना मानणारे. विधवा अशुभ असलं काही आमच्यात न्हाई, असं मी स्वतः सभेत माइक धरून बोललोय. घरात मात्र सोयरीक, बारसं, काही असलं की अक्काला कुणी 'चल' म्हणायचं न्हाई. निघायच्या वेळी ती अंगणात येऊन आभाळाकडं बघायची नि म्हणायची, "धुकं हाय रे. काच पुसायला येऊ का?" तेवढ्या निमित्तानं ती यायची. कार्यात मागं कोपऱ्यात बसायची, पण यायची. हे निमित्त हाय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या मुलीला तिनंच वाढवलं. न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं. त्या मुलीची सोयरीक खजुरी गावात जुळली, आणि माघात सुपारी फोडायला जायचं ठरलं.

बायको म्हणाली, "पहिल्यांदाच त्यांच्या दारात जायलोय. अक्कांना न्यायलाच पाहिजे का?"

"मग काच कोण पुसणार?"

"ते हीटर का काय ते नीट करून घ्या की."

घेतलं करून. सगळं बायकोवर ढकलून मोकळं होता येईल मला. पण मलाही तेच पाहिजे होतं.

नौबादच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं नि कपाळाला हात लावला. "थर्मोस्टॅट किधर है, साब?" कुठं असणार? आमच्याकडचा प्रत्येक मिस्त्री आधी तेच काढून फेकतो, उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून. मग थंडीत इंजिन तापतच न्हाई, नि हीटरला गरम पाणी मिळत न्हाई. त्यानं नवा थर्मोस्टॅट बसवला. हीटरच्या छोट्या रेडिएटरातला गंज धुतला, कुजलेले रबरी पाइप बदलले, काचेखालच्या फटींपर्यंत हवा नेणारी नळी निखळली होती ती जोडली, नि एका व्हॅनचा दणकट पंखा लावला. पायाखालची ओली सतरंजीही फेकायला लावली, वाफ तिच्यातूनच उठायची म्हणून. पंखा सुरू केला तशी काच खालून वर साफ होत गेली. मला एवढा आनंद झाला की मी त्याला मिठाई आणून दिली.

सुपारीच्या दिवशी दाट धुकं पडलं होतं. अक्का इरकली लुगडं नेसून अंगणात उभी. "येऊ का रे? काच..."

"नको," मी म्हणालो. इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं मी. पंखा लावला, तिच्या डोळ्यांदेखत काच लख्ख झाली. तेवढ्यावर गप्प बसावं की न्हाई? न्हाई बसलो. "आता तुझी गरज न्हाई, अक्का. यंत्र करायलंय सगळं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "हात लई दुखायले होते माझे." आणि घरात गेली.

वाटभर पुढच्या सीटवरून साडू हीटरचं कौतुक करत होते. मागं मुलगी पदरानं आपल्या बाजूची काच पुसत होती.

खजुरीत दारात आम्हाला ओवाळायला कोण पुढं यावं? मुलाची आजी. विधवा, कपाळावर नुसतं भस्म. तबक खाली ठेवून तिनं पहिलं विचारलं ते हेच, "पोरीला वाढवलेली आत्या कुठं हाय? तिला बघायचं होतं मला."

मी म्हणालो, "तब्येत बरी न्हाई तिची. अंथरुणावरच हाय, लई दिवस झाले."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. लाज वाटली मला, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, तोही अक्काचाच. घरी आल्यावर मुलीनं तिला सगळं सांगितलं. अक्का एवढंच म्हणाली, "आजी चांगली मिळाली पोरीला."

लग्नादिवशी मी स्वतः तिच्या खोलीत गेलो. भर सकाळी ती चादर ओढून पडली होती.

"ऊठ अक्का. तुझ्याबिगर अक्षता टाकणार न्हाई मी."

"मी कशी येऊ? आजारी हाय न्हवं मी."

"असं कामून करायलीस?"

"तूच सांगितलास त्यांना. आता मी धडधाकट मांडवात दिसले, तर पोरीचा बाप पहिल्याच दिवशी खोटा पडंल. त्याचं बोलणं तिला ऐकावं लागंल, तुला न्हाई. जा तू, उशीर व्हायलाय."

मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग गेलो.