शिकारी कुत्रीला पुरणपोळी

शिकारीच्या ऐन वेळी मी शिकारी कुत्रीला दोन पुरणपोळ्या चारल्या. माझं वय अकरा होतं आणि नुकतीच एक जाड कादंबरी वाचून झाली होती, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. त्या कादंबरीतला मुलगा शिकारी कुत्र्यांना आपल्या ताटातलं भरवतो आणि ती त्याच्यावर जीव टाकतात.

साठ-एकसष्ट सालच्या शिमग्यात वडूजच्या माळावर मला त्या कुत्रीचा म्हातारा मालक भेटला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. बोलताना तो आपल्या हडकुळ्या, उंच कुत्रीच्या पोटावरून सारखा तळवा फिरवायचा.

"जावई आलाय घरी," तो म्हणाला. "सशाच्या रश्शाबिगर उठायचा न्हाई. म्हून कालपास्नं हिला उपाशी ठिवलीया. पोट भरलं की ही पळत न्हाई."

मला हा शुद्ध दुष्टपणा वाटला. कादंबरीत कुणाचा जावई जेवायला बसलेला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. तो काठीनं झुडपं झोडपायला गेला आणि मी घरून फडक्यात बांधून आणलेल्या पोळ्या काढल्या. कुत्रीनं त्या गिळल्या, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. अगदी कादंबरीतल्यासारखं! मला भरून आलं.

तेवढ्यात झुडपातून ससा निघाला.

"छू! छू!" म्हातारा ओरडला.

कुत्रीनं एक डोळा उघडून सशाकडं पाहिलं आणि परत मिटला.

म्हातारा आला. त्याचा तळवा तिच्या पोटावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्याला माझ्या हातातलं तुपकट फडकं दिसलं.

"आता जावयाला तुझं डोस्कं शिजवून घालू व्हय रं? पर त्यात बी काय गावायचं न्हाई!"