भिवा म्हणे

आष्टीच्या जत्रेतल्या नाटकात भिवा पेटी वाजवायचा, पडद्याच्या कडेला, अंगाची घडी करून. राजा कोण झाला हे गाव वर्षभर बोलायचं. पेटीवर कोण होतं, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. बहात्तर सालापर्यंत त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या सालच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडता फोडता त्याची बायको साळूबाई उन्हानं गेली. भिवा रडला नाही. पुढच्या साली नाटक बसलं, काकासाहेबांनी वनवासातल्या राणीसाठी गाणं मागितलं, तेव्हा ते सगळं त्या गाण्यात आलं. शाहिराच्या रीतीप्रमाणं शेवटी त्यानं आपलं नाव गुंफलं:

पाणी गेलं पाताळाला, डोळ्यामधी न्हाई ओल;
भिवा म्हणे, बाई आता कुणासंगं बोल.

काकासाहेब गावचे मोठे जमीनदार, नाटकातही राजाच. तालमीत त्यांनी कपाळाला आठी घातली. "राणीच्या तोंडी भिवा? लोक हसतेन. देवा म्हण. अक्षरं बराबर बसतेत."

अक्षरं बसत होती, तिथंच घात झाला. 'देवा म्हणे' याला काही अर्थ होतो का, हे कुणी विचारलं नाही. छप्पन साली बौद्ध होऊन ज्यानं देव सोडले, त्याच्याच जागी देव येऊन बसला, आणि भिवा "जी" म्हणाला. हिंमत नव्हती त्याच्यात, उगाच कशाला झाकायचं?

राणी झालेल्या बद्रीनाथनं असं गायलं की बायांचे पदर ओले झाले. वन्समोर मिळाला. गाणं नाटकातून उठलं ते खुरपणीला गेलं, परतूर ओलांडून लांब गेलं. भिवा दर जत्रेला म्हणायचा, "औंदा तरी माझं नाव राहू द्या." काकासाहेब म्हणायचे, "बघू." असल्या बघूवर माणसं म्हातारी होतात. भिवाही झाला.

हातपाय थकले तसा तो बदनापूरला लेकीकडं गेला. बेबीनंदाचं लग्न दुष्काळाआधीच झालेलं; बापानं गाणं केल्याचं तिच्या कानावर नव्हतं. एक दिवस तो तिची भाकर घेऊन रानात गेला. बाया खुरपता खुरपता तेच गाणं म्हणत होत्या.

"म्या म्हणू का?" त्यानं विचारलं, आणि शेवटपर्यंत म्हटलं, भिवासकट.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्यातली पुष्पाबाई म्हणाली, "बेबे, तुझ्या बापानं सोताचंच नाव घुसडलं की."

"माझंच गाणं हाय ते," भिवा लेकीला म्हणाला. "तुझ्या मायवर केल्तं."

बेबीनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, असं न्हाई म्हणू. जुनं गाणं हाय, लोकाचं. बराबर म्हणा, न्हाईतर गप बसा."

सगळं जग नाही म्हणालं तरी ही एक खरं मानेल, असं त्याला वाटत आलं होतं. मग त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि शेवटी देवा म्हटलं.

"आता कसं," बेबीनंदा म्हणाली, आणि आईच्या मरणाचं गाणं म्हणत बायांबरोबर खुरपू लागली.