लाल-काळे आणि लिमयांची शिट्टी

आमच्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला जाणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी स्वतःहून डोकं उठवून घेणं. तरी मी दर रविवारी जाते! मॅच लक्षात राहत नाही, स्कोअर तर सोमवारी ऑफिसला पोचेपर्यंत उडालेला असतो. पण मैदानाच्या कडेला कोण काय बोललं, ते मात्र साठत जातं. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसं. एक ओढायला जावं तर आतून चार निघतात.

क्लबचं नाव राहू दे, जर्सीमुळे अख्खा कॅम्प आम्हाला 'लाल-काळे' म्हणतो. इम्तियाजभाईंच्या अब्बांनी हा क्लब काढला. आता सेक्रेटरी, मॅनेजर, जर्सी धुवायला टाकणारा माणूस, सगळं इम्तियाजभाईच. त्यांचं कॅम्पात चष्म्याचं दुकान आहे. चिन्मय माझ्या ऑफिसातला, कोथरूडचा. एकदा मी त्याला मॅचला नेलं आणि आता तो माझ्यापेक्षा जास्त ओरडतो. मी मुग्धा. मैदानाच्या मागच्याच सोसायटीत राहते, त्यामुळे मला सुटका नाही.

या सीझनला आम्ही लीगमध्ये पार तळाशी होतो. खालच्या डिव्हिजनला गेलो तर आम्ही दुसरा क्लब बघणार, असं अर्ध्या टीमने तोंडावर सांगून टाकलं होतं. पोरं गेली की क्लब बंद, सरळ हिशोब. इम्तियाजभाई एकदाच म्हणाले, "अब्बांच्या क्लबला माझ्या हातानं कुलूप नको लागायला, बस." नंतर त्यांनी विषय काढला नाही. आम्ही काढायचो. रोज!

आणि दुखणी दोनच. आम्हाला धड स्ट्रायकर नव्हता, आणि आमच्या प्रत्येक महत्त्वाच्या मॅचला रेफ्री म्हणून लिमयेच यायचे.

*

लिमये म्हणजे पन्नाशीचा, इस्त्रीच्या शॉर्ट्समधला, अजिबात न चिडणारा माणूस. न चिडणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो!

एकदा त्यांनी आमचा चांगला शंभर टक्के कॉर्नर नाकारला आणि गोल किक दिली. मी टचलाइनवरून ओरडले, "अहो लिमये! चष्मा कुठून घेतलाय?"

लिमये धावता धावता थांबले. शांतपणे आमच्याकडे वळले.

"तुमच्या शेजारी उभे आहेत ना, त्यांच्याकडून."

मी शेजारी बघितलं. इम्तियाजभाई आकाशाकडे बघत होते.

"नंबर तर बरोबर काढला होता, बेटा," ते पुटपुटले.

*

स्ट्रायकरचं सांगते. आमच्याकडे ऑप्शन दोन.

एक सागर. हडपसरच्या पुढचा, घरची शेती होती, तिथे आता टॉवर उभे राहिलेत. मॅचला पांढऱ्या एसयूव्हीतून येतो. ती गाडी आमच्या चेंजिंग रूमपेक्षा मोठी आहे! पोरगा वाऱ्यासारखा पळतो, पण पास निघायच्या आधीच समोरच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे पळतो. कायम ऑफसाइड. विचारलं तर म्हणतो, "ताई, मी बरोबरच हाय. बॉल लेट येतोय."

दुसरे फ्रान्सिस अंकल. चाळिशी केव्हाच ओलांडली. डोकं अफाट, पास सुंदर, पण पळणं त्यांनी सोडून दिलंय. ते कधीच ऑफसाइड नसतात, कारण तेवढ्या पुढे ते जातच नाहीत.

कोणाला खेळवायचं यावर चिन्मयने चक्क प्रेझेंटेशन केलं. लॅपटॉप घेऊन चष्म्याच्या दुकानात आला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही बघत बसली. एका स्लाइडवर हिरवं मैदान आणि मधोमध एकच लाल ठिपका.

"हा फ्रान्सिस अंकलचा हीट मॅप," चिन्मय म्हणाला. "म्हणजे नव्वद मिनिटांत ते कुठे कुठे गेले."

इम्तियाजभाईंनी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघितलं.

"हा मॅप नाही रे. हा पत्ता आहे!"

*

ऑफसाइडवरून आमची सगळ्यात मोठी भांडणं मैदानात नाही, कॅफेत होतात.

सागरचा एक गोल लिमयांनी ऑफसाइड म्हणून कापला, त्या दिवशी आम्ही तिघं आमच्या नेहमीच्या कॅफेत बसलो. चिन्मयने टेबलावर मैदान मांडलं. मीठदाणी म्हणजे सागर. पाण्याचा ग्लास म्हणजे गोलकीपर. केचपची बाटली म्हणजे त्यांचा मागे राहिलेला डिफेंडर, ज्याच्यामुळे सागर ऑनसाइड ठरत होता. अख्खी केस त्या बाटलीवर उभी!

मी म्हणाले, डिफेंडर तिथे नव्हता, वीतभर अलीकडे होता. चिन्मय म्हणाला, तुला तुझ्या जागेवरून दिसलं काय, डोंबल? इम्तियाजभाई मान खाली घालून मीठदाणी मिलीमीटर मिलीमीटर सरकवत होते. इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या काकांनी हात लांब केला आणि केचपची बाटली उचलली.

चिन्मय उभाच राहिला. "अहो काका, काय करताय! त्याच्यामुळे सागर ऑनसाइड आहे!"

काकांनी ऑम्लेटवर केचप ओतलं, बाटलीचं झाकण लावलं, ती स्वतःच्या टेबलावर ठेवली.

"आता नाहीये," म्हणाले. "खाऊ द्या."

*

पुढचा किस्सा चिन्मयच्या दाढेचा.

एका रविवारी लिमयांनी आम्हाला पेनल्टी दिली नाही. चिन्मय इतका ओरडला की त्याचा आवाज बसला. "शिट्टी विका आणि भेळ खा" इथपर्यंत गेला! दुसऱ्या दिवशी दाढ ठणकायला लागली. घराजवळ चांगला डेंटिस्ट शोधला, अपॉइंटमेंट घेतली आणि एकट्याला भीती वाटते म्हणून मला बरोबर नेलं. सत्तावीस वर्षांचा घोडा!

तो खुर्चीत आडवा झाला. मास्क लावलेले डॉक्टर आत आले, दिवा त्याच्या तोंडावर ओढला आणि म्हणाले, "तोंड उघडा. काल उघडलं होतं, तेवढं."

मी आवाज ओळखला. चिन्मयनेही ओळखला, पण तोवर त्याच्या तोंडात आरसा, नळी आणि लिमयांची दोन बोटं होती.

"हं, आता निवांत बोलू," लिमये म्हणाले. "कालची पेनल्टी. डिफेंडरचा पाय आधी बॉलला लागला. मान्य?"

"आँ."

"मान्य. मग तुमचा तो फॉरवर्ड पडला, तो आपणहून. बरोबर?"

"आँ! आँ!"

"बरोबर. समजूतदार आहात. मैदानात उगाच गैरसमज होतो."

क्लिनिकच्या बाहेर आल्यावर, बधिर गालाने, चिन्मय मला म्हणाला की डॉक्टरांचं बरोबर असेलही. संध्याकाळी गाल पूर्ववत झाला तसा फोन आला, "पेनल्टीच होती!"

इम्तियाजभाईंना सांगितलं तर त्यांना काहीच आश्चर्य नाही. "हो, दातांचे डॉक्टर आहेत. अच्छे आहेत. माझी कवळी त्यांनीच केली."

"मग आम्हाला सांगायचं ना!"

"तुम्ही लोक त्यांना विचारता कुठे, बेटा? नुसतं सांगता."

*

सीझन संपत आला. तीन मॅच राहिल्या आणि खाली जायची वेळ आली. आता काही झालं तरी सागर पूर्ण वेळ खेळणार, असं ठरलं. चिन्मयने त्याला ऑफसाइडवर कॅफेत शिकवणी दिली होती. नवीन बाटली घेऊन.

टीम मैदानात उतरली. लिमये सगळ्यांचे बूट, शिनगार्ड बघत सागरपाशी आले आणि थांबले.

"अंगठी काढा."

सागरचा आदल्याच आठवड्यात साखरपुडा झालेला. "सर, निघत न्हाई. घट्ट हाय."

"मग आपण बाहेर."

"सर, टेप लावतो की वरनं!"

"टेप चालत नाही. नियम आहे."

झालं! फ्रान्सिस अंकल त्या दिवशी आलेले नाहीत, उरला एक स्ट्रायकर, तोही अंगठीत अडकलेला! मी घरी पळाले, भांड्याचा साबण आणला. कोणीतरी खोबरेल तेल आणलं. इम्तियाजभाई बोट धरून ओढतायत, चिन्मय सागरला मागून कमरेला धरून ओढतोय, सागर ओरडतोय, आणि तिकडे मैदानात आमचे दहा जण बॉल मिळाला की कोणाला द्यायचा म्हणून चहूकडे बघतायत. हाफ टाइमच्या शिट्टीला अंगठी टुणकन उडाली आणि गवतात गेली.

मग काय, सेकंड हाफला सागर खेळायलाच तयार नाही! "आधी अंगठी शोधा. ती विचारंल मला."

शेवटी शोधायचं कबूल करून त्याला मैदानात ढकललं आणि मी, चिन्मय आणि सेक्रेटरी, तिघं गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतो. सागर दर दोन मिनिटांनी टचलाइनपाशी येऊन विचारायचा, "घावली का?" त्यामुळे तो एकदाही ऑफसाइड झाला नाही. मॅच बरोबरीत सुटली. अंगठी मिळाली.

*

पुढच्या मॅचला सागरच्या घरी लग्नाच्या खरेदीचा कार्यक्रम निघाला. चिन्मय म्हणाला, टेन्शन नको, आमच्या सोसायटीत एक पोरगा आहे, आर्यन, अकॅडमीत शिकलाय, बारावीला आहे. रजिस्ट्रेशन सीझनच्या सुरुवातीलाच करून ठेवलं होतं.

आणि काय खेळला हो तो! पहिल्या हाफमध्ये गोल. इम्तियाजभाईंनी मला मिठीच मारली असती, पण ते संकोची, म्हणून त्यांनी चिन्मयला मारली. सेकंड हाफलाही आर्यन जोरात होता, आणि मैदानाच्या गेटजवळ एक स्कूटर थांबली.

"अहो!" हेल्मेटमधून आवाज आला. "अहो, ते मॅनेजर कोण आहेत? आर्यनला बाहेर काढा, पाच वाजता फिजिक्स आहे."

इम्तियाजभाई हात जोडून गेले. "भाभीजी, फक्त वीस मिनिटं."

"वीस मिनिटं कर्वे रोडलाच लागतात."

चिन्मय म्हणाला, "काकू, क्लब खाली जाईल!"

"आणि याचे मार्क वर जाणारेत का?"

तेवढ्यात आर्यन गोलकीपरला चकवून पुढे निघाला आणि त्याने आईला बघितलं. बॉल पायात, समोर रिकामा गोल. पोरगं जागच्या जागी थांबलं! त्यांच्या डिफेंडरने येऊन बॉल घेतला, अगदी टेबलावरचा रिमोट उचलावा तसा.

लिमयांनी खेळ थांबल्यावर बदलीची खूण केली आणि आर्यनला बाहेर जाताना म्हणाले, "ऑल द बेस्ट. प्रकाशाचं अपवर्तन नीट करा." आम्ही दोन-एक हरलो.

*

आणि मग शेवटची मॅच. जिंकलो तर वाचलो, बरोबरीही नको. रेफ्री कोण, हे सांगायची गरज आहे का?

इम्तियाजभाईंनी त्या दिवशी दुकान उघडलं नव्हतं. सागर आणि फ्रान्सिस अंकल दोघंही टीममध्ये. चिन्मय फोनवर अख्खी मॅच रेकॉर्ड करत होता, कारण म्हणे पुराव्याशिवाय आता बोलायचंच नाही. शून्य-शून्य, शून्य-शून्य, माझी नखं संपली. अगदी शेवटी आम्हाला फ्री किक मिळाली. फ्रान्सिस अंकलनी घेतली, त्यात पळायचं नसतं ना! बॉल हवेतून गोलसमोर आला, दहाबारा डोकी उडाली आणि जाळी हलली.

आम्ही किंचाळलो! पण त्यांच्या पोरांनी लिमयांना घेरलं. सगळे हात वर करून ओरडतायत. लाइन्समन धावत गेला. गर्दीत लिमये दिसेनात. मग एक लांबलचक शिट्टी वाजली. मॅच संपली. आमची पोरं एकमेकांवर पडलेली. मला वाटलं, रडतायत.

"कॅन्सल केला," चिन्मय म्हणाला. "गोल कॅन्सल केला!"

इम्तियाजभाई खाली गवतात बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. मला ते बघवेना.

"असा कसा कॅन्सल करतात!" चिन्मय ओरडला. "माझ्याकडे व्हिडिओ आहे!"

आणि धावला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे इम्तियाजभाई. लिमये बूट सोडायला बाकावर बसले होते. चिन्मयने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा सर! स्लो मोशनमध्ये बघा! झूम करून देतो!"

लिमये बघायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बॉल आला. सागर उडाला. आणि बॉल सागरच्या डोक्याला नाही, खांद्यालाही नाही, हाताला लागला. चांगला उघडा तळहात! बस थांबवायला करतात तसा!

मी चिन्मयला चिमटा काढला. तो म्हणाला, "थांब गं, बघू दे त्यांना नीट."

लिमयांनी वर बघितलं. "गोल मी दिलाय. एक-शून्य. तुम्ही जिंकलात. तिकडे तुमची मुलं नाचतायत." मग फोनकडे बोट केलं. "हे नक्की काय दाखवताय मला?"

चिन्मयने पहिल्यांदाच स्वतःच्या फोनकडे बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

इम्तियाजभाई पुढे आले. अलगद फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"काही नाही, डॉक्टर. आमच्या भाचीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे."

लिमयांनी हात पुढे केला, फोन मागून घेतला. व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे पुन्हा बघितला आणि फोन परत दिला.

"गोड आहे भाची," म्हणाले. "फक्त हात जरा आवरायला सांगा तिला."