म्हाळाच्या दिवशी फौजीचं पान

आमच्या खोलीत म्हाळ शुक्रवारीच. तिथी कुठलीही असो, पितरांनी कुवेतच्या सुट्टीप्रमाणे यायचं, असा मामांचा हुकूम. मामा म्हणजे बनेद अल-गारच्या त्या खोलीतले सगळ्यांत वडीलधारे, मालवणकडचे. अल-राई भागातल्या फर्निचर गोदामात आम्ही सगळेच सुतार. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर आणि मल्याळी दुकानातलं केळीचं पान, असा थाट असायचा. पान गच्चीवर ठेवून कावळ्याची वाट बघायची, आणि यायचे पारवे. मामा म्हणायचे, "आता पारव्याकच कावळो समजा, नि जेवूक बसा."

गोदामाची व्हॅन चालवणारा श्रीलंकेचा होता. तिकडच्या आपसातल्या लढाईत पायदळात होता, म्हणून आम्ही त्याला फौजी म्हणायचो. हिंदी आमच्यातच शिकला. जेवायला बसला की आमटीत बोट बुडवून ताटात नकाशा काढायचा. हे पूर्वेचं जंगल, पलटणीचं पहिलं वर्ष इथे गेलं, रस्त्यात सुरुंगच सुरुंग. ही उत्तरेची वाट, एकेक गाव घेत वर सरकलो. ही खाऱ्या पाण्याकाठची छावणी. इथवर आला की बोट पुसून भात कालवायला घ्यायचा. माझं डोकं फिरायचं.

"अरे, पुढे काय झालं ते सांग की!"

"पुढे मी कुवेतला आलो," एवढंच म्हणायचा.

एका म्हाळाला तो दुधाचे डबे घेऊन आला आणि मामांना म्हणाला, "माझ्या पलटणीतल्यांसाठी पान मांडता येईल?" आमच्यातही मेलेल्यांच्या नावाने भिक्षूंना जेवू घालतात, असंही म्हणाला. मामांनी दुसरं पान मांडलं. एकेकाला आठवायचं आणि एकेक घास ठेवायचा, असं समजावलं. तो ठेवत गेला. पान भरत आलं, तरी त्याचा हात थांबेना.

शेवटचा घास त्याने हातातच धरला. "हा माझा दोस्त."

मामांनी सहज विचारलं, "कधी गेला?"

"माहीत नाही."

"मेलेला पाहिलास?"

"नाही."

मामांनी त्याचं मनगटच धरलं. "शिरां पडली! अरे, जित्या माणसाचं पान मांडतात काय?"

तेव्हा भर उन्हात, त्या गच्चीवर, त्याने पुढचं सांगितलं. छावणीला वेढा पडला. विहिरी शत्रूकडे गेल्या. फुटेल त्या वाटेने बाहेर पडा, असा हुकूम आला. दोस्ताच्या पोटात गोळी लागली होती. त्याने फौजीचा सदरा धरला आणि पाणी मागितलं. पाणी कुणाकडेच नव्हतं. "मी त्याची बोटं सोडवली," फौजी म्हणाला, "आणि पळालो. तो मागून हाका मारत होता. अजून मारतो. व्हॅनचं इंजिन बंद केलं की ऐकू येतो."

सरकारदरबारी दोस्त बेपत्ता. त्याची आई अजून त्याच्या नावाने कुणाला जेवू घालत नव्हती. फौजीने फोन केला की विचारायची, काही खबर?

मामांनी मनगट सोडलं. म्हणाले, "तिला सांग, तो गेला. त्याचं पान तिने मांडायचं, बाबा. तू नाही."

फौजी घास खाली ठेवून तसाच उठला. मला राहवेना, मीही मागोमाग खाली गेलो. इमारतीखालच्या फोनवरून तो त्याच्या भाषेत चारच वाक्यं बोलला. मग नुसता ऐकत राहिला. मग आणखी एक शब्द बोलला आणि फोन ठेवला.

"काय सांगितलंस?"

"माझ्या मांडीवर गेला म्हणून."

"मग?"

"ती विचारते, पाणी पाजलंस ना?"

पुढचं त्यानेच सांगितलं. "हो म्हणालो. ती म्हणाली, तुला पुण्य लागेल, पोरा."

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकून टाकला.