चीक थांबत नाही

दवाखान्यातून यांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी मूग निवडत होते. "आई गेली," एवढंच हे म्हणाले. फोन ठेवल्यावर मी मूग भिजत टाकले, वर झाकण ठेवलं आणि त्यानंतर शेजारच्या काकूंना सांगायला गेले. कामाचा हा क्रम मला सासूबाईंनीच लावून दिला होता.

तेरवीला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या काटकसरीचं कौतुक केलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात एक मुलगा. काही वर्षं त्या जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या घरी राहिल्या. तिथे यांचं ताट सगळ्यांचं झाल्यावर वाढलं जायचं, तेही उरलंसुरलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता, आवाज जराही हलू न देता. "तवापासून ठरवलं, दुकानाच्या दारात नाही जाचं न् कोनाच्या हाताकडे नाही पाहाचं." आमच्या मनीषनगरात नुसती शेतं होती तेव्हा त्यांनी तिथे दोन खोल्या बांधल्या, मुलाला इंजिनिअर केलं. तिखट, काळा मसाला, मुगवड्या, पापड, शेवया, तूप, दंतमंजनसुद्धा घरचं. दर रविवारी अख्ख्या आठवड्याचं वाटण परतून स्टीलच्या डब्यांत भरलं जायचं आणि कोणता डबा कोणत्या वारी उघडायचा हे त्याच सांगत. बुधवारचा डबा मंगळवारी उघडलेला त्यांना चालत नसे. पाहुणा आला तर तो आमच्याच वाट्यातलं खायचा आणि आम्हाला भूक नसायची.

माझ्या लग्नाचा पहिला उन्हाळा होता. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढलेला. सकाळीच गच्चीवर आम्ही दोघी बसलो होतो. त्या शिजवत होत्या, मी सोऱ्यातून पाडत होते. मौद्याहून भावाचा फोन आला. बाबा अंगणात खाली कोसळले होते आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं. मी उभी राहिले. हे तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते आणि बसभाड्यालासुद्धा पैसे सासूबाईंकडूनच घ्यायचे होते. मी सांगितलं. त्यांनी पातेल्यातला चाटू थांबवला नाही.

"दुसरं पातेलं शिजाचं हाय अजून," त्या म्हणाल्या. "हे उरकून जाय. चीक थांबत नाही, आंबून जाते. तुह्या बापाले आता कायची घाई हाय?"

मी खाली बसले. त्या वेळी मी का ऐकलं, हे मला मुलीने अलीकडेच विचारलं. दुसरं पातेलं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गरम चीक हाताला चटके देत होता आणि त्या मध्येच म्हणत होत्या, "चकती गोल पाड वं, रडून काय वाकडी करून राहिली?" सगळं झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दिले आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "डोक्यावर पदर घे, ऊन लागन."

मी मौद्याला पोचले तेव्हा बाबांना नेऊन झालं होतं. त्या उन्हात किती वेळ ठेवणार... अंगण झाडून काढलं होतं. बहिणीने विचारलं, "काहून उशीर केला वं? सगळे तुह्यासाठी थांबून होते." मी म्हणाले, बस मिळाली नाही. माझ्या बोटांवर चीक वाळून पांढरा झाला होता. तिने तो पाहिला. त्या कुरडया वर्षभर पुरल्या. सणासुदीला तळल्या गेल्या, छान फुलल्या. मीही खाल्ल्या.

मात्र याच बाईने मी न मागता माझी बीएडची फी भरली. "बसून खाणारी सून मले नाही पुरत," म्हणाल्या. नोकरी लागली तेव्हा पेढे त्यांनीच घरी खवा आटवून केले आणि पहिला मला दिला. त्यांच्यावर प्रेम करायला मला जागा नव्हती, पण मी उभी आहे ती त्यांच्या पैशावर, हेही खरं आहे.

यंदा दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, गिळणं गेलं, समज मात्र पूर्ण शाबूत. नाकातून नळी घातली आणि डॉक्टरांनी औषधाच्या दुकानातून भुकटीचा डबा आणायला सांगितला. ती पाण्यात कालवली की आईस्क्रीमसारखा गोड वास यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि डब्याकडे पाहिलं. मला प्रश्न कळला.

"विकतचं आहे, आई," मी सांगितलं.

संध्याकाळी हे आले. त्यांनी आईच्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं, "घरचीच पेज हाय मा, सुनेनं केली." सासूबाईंनी मुलाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली... नाही म्हणून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. यांना वाटलं, मुलगा आला म्हणून आलं. पुढे शेवटपर्यंत रोज मी ती भुकटी त्यांच्यासमोर कालवली, डबा त्यांना दिसेल असा ठेवून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

गेल्या रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, आज बाहेरून तर्री-पोहे आणूया. आमच्या घरात हे वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं. हेच जाऊन घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत तर्रीचा लाल रस्सा, वर्तमानपत्रात पोहे. मी ताटल्या मांडल्या. पिशवीची गाठ सोडणार तेवढ्यात हे उठले, आईच्या खोलीशी गेले आणि दार हळूच लोटून घेतलं. कडीसुद्धा लावली. आत पलंग आहे, गादी केव्हाच गुंडाळून ठेवली आहे. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी हसणार होती, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मग आम्ही तिघांनी, चमच्याचा आवाज होऊ न देता, पोहे खाल्ले.